शेड नंबर ४१७

अकरा वर्षं भाड्याच्या घरांत
जे मिळालं त्यावर बसलो.
जाऊबाईंनी टाकायला काढलेला सोफा,
ऐरोलीच्या घरमालकाची एक पाय आखूड खुर्ची,
जेवायला सतरंजी, वर जुनं वर्तमानपत्र.
म्हणून नेरुळचा हा हॉल आपला झाला
तेव्हा मी ठरवलं,
आता घरातलं सगळं एकमेकांना ओळखणारं हवं.
पडदा सोफ्याला ओळखेल,
सोफा डायनिंगच्या सहा गाद्यांना,
गाद्या टेबलावरच्या रनरला.
एकाच गठ्ठ्यातल्या साड्या नेसून
लग्नघरात जावा मिरवतात, तसं.

वाशीला, सेक्टर सतराच्या दुकानात
तीन शनिवार गेले.
मी म्हणायची आमसुली, शेवाळी, मोतिया.
गडाशेठ म्हणायचे वाइन, ऑलिव्ह, आयव्हरी.
आणि श्रीरंग, चहाचा कप सांभाळत, नुसते आकडे:
'चारशे सतरा पडद्यांना,
चारशे बावीस सोफ्याला, गाद्यांना. बरोबर ना?'
मला वाटलं, न्हावा शेवाच्या यार्डात
दिवसभर कंटेनर टिपणारा माणूस,
घराचीही यादी करतोय.

मग आमसुली कापड कमी पडलं.
साडेतीन मीटर. माल मागून येईना.
मी पनवेलला आईकडे, फोन बंद,
आणि माळवदकर शिंप्याने आपल्या अकलेने
सोफ्याच्या उरलेल्या शेवाळीतून
डायनिंगच्या खिडकीचा पडदा शिवून दिला.

दार उघडलं.
सोफ्याकडची मोठी खिडकी आमसुली.
टेबलामागची छोटी, शेवाळी.
हॉलने जेवणाशी काडीमोड घेतल्यासारखं.
श्रीरंग स्टुलावर, तोंडात दोन हुक,
कपाळावर घाम, आणि असा खूष!
'बघ. एकसारखं. तुला हवं होतं तसं.'

मी हसले.
मग त्याच्याकडे पाहिलं आणि हसू थांबलं.
दुसऱ्या कुणीतरी आधी बोलावं
म्हणून वाट बघणारा तो चेहरा
मी अकरा वर्षं ओळखत होते,
फक्त कशाचा ते माहीत नव्हतं.

हिरवेकच्च टोमॅटो आणायचा, मी चिडायची.
तलावावर सगळे 'फ्लेमिंगो, फ्लेमिंगो' करत होते,
तो म्हणाला, 'पांढरट पक्षी आहेत.'
मी चष्म्याचा नंबर तपासून घेतला होता.

शिवलेल्या कापडावर शेडचा नंबर नसतो.

रात्री, नव्या टेबलाशी, नव्या खुर्च्यांचं
प्लॅस्टिकही न काढता, त्याने सांगितलं.
एकविसाव्या वर्षी मर्चंट नेव्हीची मेडिकल.
ठिपक्यांचं एक पुस्तक.
'रांगेतल्या प्रत्येकाला त्यात आकडा दिसत होता.
मला ठिपके.
घरी सांगितलं, गुडघा नडला.
श्रीरंग नावाच्या माणसाने
दुसरं काय सांगायचं?
तेव्हापासून दिसेल तो आकडा पाठ करतो.'

मी विचारलं, हे दोन पडदे कसे दिसतात तुला?
त्याने बराच वेळ पाहिलं. मान तिरकी करून.
'चहा. दोन्ही चहाच.
हा जरा जास्त उकळलेला.'

पंधरा दिवसांनी चारशे सतराचा तागा आला.
माळ्यावर ठेवलाय, पिशवीही सोडली नाही.
चौथ्या मजल्यावरच्या काणेकर बाई आल्या,
खिडकीवरून खिडकीकडे बघत म्हणाल्या,
'वा, कॉन्ट्रास्ट केलंय!'
मी म्हटलं, नाही हो, मॅचिंग आहे.

दुपारी, तो कामावर असताना,
पडद्यांच्या दुमडीत, आतल्या बाजूला,
पांढऱ्या दोऱ्याने मी आकडे टाचले,
बोटाला लागतील इतके जाड.
चारशे सतरा. चारशे बावीस.
सातात टाका चुकला, तो एकासारखा झालाय,
उसवून पुन्हा घालायला हवा.
सहापैकी चार गाद्याही झाल्या.

रनर अजून राहिलाय.